एवढ्याशा कागदाचे हजार रुपये? हो, हजारच!

पत्र

अक्का, नमस्कार. मी अशोक चौकाजवळ राहतो, वय २९. चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर जेकार्डची (चादरीत विणायच्या नक्षीची) डिझाइनं काढतो, पगार १८ हजार. वडील हेच काम ग्राफपेपरवर ब्रशने करायचे, त्यांचे पोस्टर कलर घरात होते, तिथूनच मला नाद लागला. आता रात्री जेवण झालं की छोटी छोटी चित्रं काढतो. तलाव, किल्ला, आमच्या बोळातले लूम, कधी नेटवर बघून बुद्ध, राधाकृष्ण वगैरे. इन्स्टावर लाइक भरपूर येतात पण विकत कोण घेईना. ज्यांनी घेतली ते सगळे ओळखीचे, ३०० रुपये दिले, ते पण "एवढ्याशा कागदाचे ३००?" असं म्हणून. मित्र म्हणतो रोज एक चित्र टाक, व्हायरल होशील. एक कॅफेवाला भिंतीवर लावतो म्हणतोय पण ३० टक्के मागतोय. आणि एक मॅडम पाडलेल्या घराच्या जुन्या फोटोवरून चित्र करून मागतायत, ५०० देते म्हणतात, वर त्याच्या प्रिंट काढून सगळ्या भावकीत वाटणार म्हणे. मला तर नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं वाटतंय. काय करावं कळंना झालंय.

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

नोकरीचं आधी बोलूया, कारण पत्राच्या शेवटी लिहिलंयस तरी मनात तेच पहिलं आहे हे दिसतंय. सोडू नकोस. निदान आत्ता तरी नको. पगार चालू आहे तोवर तू समोरच्याला भाव सांगून गप्प बसू शकतोस, त्याने घेतलं तर घेतलं नाहीतर राहिलं. पगार बंद झाला की महिन्याच्या एक तारखेला ३०० काय, २०० ला पण देशील आणि वर थँक्यू म्हणशील. शिवाय त्या नोकरीतून तुला जे मिळतंय ते तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. दोन-तीन रंगांत अख्खी चादर उभी करायची, कुठे भरायचं, कुठे मोकळं सोडायचं, हे तू रोज आठ तास करतोयस. आर्ट कॉलेजातली पोरं एका चित्रात चौदा रंग घालतात आणि मग चिखल झाला म्हणून रडतात. तुझी सवय बरोबर उलटी आहे. तू पाठवलेल्या फोटोंत लूमचं जे चित्र आहे, तपकिरी, निळा आणि कागदाचा पांढरा एवढ्यातच केलेलं, ते तुझं सगळ्यात चांगलं काम आहे आणि बुद्ध सगळ्यात वाईट. बुद्धाबद्दल पुढे बोलते.

आता ते "एवढ्याशा कागदाचे" प्रकरण. हे वाक्य तुला आयुष्यभर ऐकावं लागणार आहे, तर त्याचं उत्तर मनात पक्कं असू दे. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात, म्हणजे १५८० ते १६२७ या काळात, जी चित्रं झाली ती बहुतेक अशी हातात धरून, डोळ्याजवळ आणून बघायचीच होती, आणि आज जगातली मोठमोठी म्युझियमं ती काचेमागे ठेवतात. त्यांना कुणी विचारत नाही की एवढंसंच का काढलं म्हणून. लोकांना चित्र म्हणजे सोफ्याच्या मागे लावायची तीन फुटी गोष्ट वाटते, तो त्यांचा प्रश्न झाला. पण तू स्वतः छोटं चित्र म्हणजे "मोठं जमत नाही म्हणून" अशा सुरात विकू नकोस, गिऱ्हाइकाला तो सूर लगेच कळतो.

छोटं विकायचं तर एक माप धर आणि तेच धरून बस. मी सांगते ते माप: वॉटरकलरची फुल शीट २२ बाय ३० इंचाची येते. दोन्ही बाजू अर्ध्या, पुन्हा अर्ध्या केल्यास की बरोबर १६ तुकडे पडतात, प्रत्येक साडेपाच बाय साडेसात इंचाचा, एक चिंधी वाया जात नाही. त्याच्यावर ५ बाय ७ ची खिडकी असलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बसतो, माउंटचं बाहेरचं माप ८ बाय १० घेतलं की चारी बाजूंनी दीड इंच पांढरं राहतं आणि ८ बाय १० ची फ्रेम कुठल्याही फ्रेमवाल्याकडे तयार मिळते. म्हणजे घेणाऱ्याला पुढे काही डोकं लावायला नको, घरी नेऊन लावलं की झालं. तू पाठवलेल्या फोटोंत एक चित्र वहीच्या पानाएवढं, एक चौकोनी, एक लांबुडकं, एक पोस्टकार्डाच्या मागे, असं आहे. प्रत्येकाला वेगळी फ्रेम बनवून घ्यायची म्हटलं तर घेणारा तिथेच कंटाळतो, आणि तुला पण प्रत्येकाचा वेगळा भाव ठरवत बसावं लागतं.

भावाचं गणित आता आपण मांडूच, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. समज चांगली कॉटनची जाड, ३०० जीएसएमची शीट ३२० रुपयांना पडली, तर तुकडा २० चा. रंग २० धर. माउंट ६०. मागचा पुठ्ठा आणि वरचं पारदर्शक पाकीट मिळून २०. झाले १२०. (तुझ्या दुकानातले दर वेगळे असतील, ते घाल.) आता वेळ. तू म्हणशील दोन तासांत होतं, पण पेन्सिलचं काम, वाळायला थांबणं, फोटो, लोकांच्या मेसेजला उत्तरं, पॅकिंग, पोस्टाची रांग, हे सगळं धरलं तर चार तासांच्या आत काही होत नाही. तुझा पगार १८ हजार, महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ताशी ८६ रुपये आणि थोडे वर. चार तासांचे धरू ३४५. अधिक १२०, म्हणजे ४६५. थांब, संपलं नाही. तीन चित्रांतलं एक बिघडतंच, नाही बिघडत म्हणणारा खोटं बोलतो. म्हणजे तिघांचा खर्च दोघांनी काढायचा, ४६५ ची दीडपट, जवळपास ७००.

७०० ही तुझी जमीन आहे, याच्या खाली तू स्वतःच्या खिशातून पैसे घालून लोकांच्या भिंती सजवतोयस. गेले वर्षभर तू ३०० ला विकताना नेमकं तेच चाललं होतं.

मग विकायचं कितीला? हजाराला. का, ते सांगते. तो कॅफेवाला ३० टक्के मागतोय, ते काही जास्त नाही, गॅलऱ्या त्याहून जास्त घेतात. पण ३० टक्के गेल्यावर तुझ्या हातात ७०० तरी पडायला पाहिजेत की नको? हजारातून ३०० गेले, ७०० राहिले, जमिनीला पाय टेकले. आणि तू स्वतः व्हॉट्सॲपवर विकलंस तरी हजारच. इथे सगळे चुकतात, "माझ्याकडून थेट घेतलं तर ७०० ला देतो" म्हणतात, कॅफेवाल्याला हे आठ दिवसांत कळतं आणि तो चित्रं खाली उतरवून ठेवतो, त्याचं काय चुकलं? भाव एकच. कॅफेत, घरी, इन्स्टावर, मावशीला, मित्राला. नातेवाइकाला फुकट द्यावंसं वाटलं तर खुशाल दे, वाढदिवसाला दे, लग्नात आहेर म्हणून दे, पण "तुमच्यासाठी ४००" हे कधीच नको. फुकट दिलेल्या चित्राची किंमत हजारच राहते, ४०० ला दिलेल्याची ४०० होते, आणि ती मावशी अख्ख्या जुळे सोलापुरात सांगत फिरते.

मोठं करायचं असेल तर याच्या दुप्पट माप, म्हणजे शीटचा आठवा भाग, साडेसात बाय अकरा, ते १८०० च्या आसपास ठेव. दोन मापं पुरे. दोन मापं, दोन भाव, आणि ते उघड लिहायचे.

उघड लिहायचे यावरून तुझ्या इन्स्टाचं आठवलं. मी जाऊन बघितलं. चित्राखाली हॅशटॅग वीस, भाव कुठे नाही, माप कुठे नाही, "किमतीसाठी डीएम करा" एवढंच आहे. अरे, शेंगा चटणीवाला पण पाकिटावर भाव छापतो! भाव विचारायला लोक लाजतात, विचारलं आणि परवडलं नाही तर आता नाही कसं म्हणायचं या भीतीने विचारतच नाहीत, लाइक करतात आणि पुढे जातात. तुला वाटतं लाइक आले पण गिऱ्हाईक नाही आलं, तर ते येऊन दारातूनच परत गेलंय. लिही सरळ: ५ बाय ७ इंच, जलरंग, माउंटसकट १००० रुपये, फ्रेम नाही, पोस्टेज वेगळं. गेलेल्या चित्रावर "विकलं गेलं" असं लिही आणि पोस्ट तशीच ठेव, काढून टाकू नकोस. दुसरं कुणीतरी घेतलंय हे दिसलं की घेणाऱ्याचा धीर वाढतो. फोटो काढताना ट्यूबलाइटखाली नको, सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडत नाही अशा जागी, मोबाइल चित्राला अगदी समांतर धरून, आणि फिल्टर बिल्टर काही नको, कारण घरी पोचलेलं चित्र फोटोपेक्षा फिकं निघालं की माणूस परत येत नाही. एक फोटो चित्र हातात धरून काढ, म्हणजे माप शब्दात सांगायला नको.

रोज एक चित्र टाकायचं, हे तुझ्या मित्राने कुठून ऐकलं ते मला माहीत आहे. अमेरिकेत व्हर्जिनियामधला ड्वेन कायझर नावाचा चित्रकार, त्याने २००४ च्या डिसेंबरात रोज एक पोस्टकार्डाएवढं तैलचित्र करून नेटवर टाकायला सुरुवात केली, ईबेवर लिलावात विकायचा, पेपरात आलं, मग जगभर शेकडो लोकांनी तसंच सुरू केलं. चांगली गोष्ट आहे, पण त्याचं काम मुळात चित्रकाराचंच होतं, तुझ्यासारखं दिवसभर स्क्रीनवर डोळे फोडून रात्री दहाला ब्रश धरायचं नव्हतं. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की छोटं माप, ठरलेला वेळ आणि लोकांना कळलेलं की नवीन कधी येणार. तू आठवड्याला दोन कर. रविवारी सकाळी टाक, दर रविवारी, त्याच वेळेला. महिन्याची आठ होतात, त्यातली पाच-सहा विकण्याजोगी निघतात, आणि तेवढी विकायलाच सुरुवातीला दमछाक होते बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विकायची कुणाला? तू अख्ख्या इन्स्टाला विकायला बसलायस म्हणून कुणालाच विकत नाहीयेस. तुझं गिऱ्हाईक मला स्पष्ट दिसतंय. ते शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेलं असतं. आपल्या प्रत्येक गल्लीतली दोन-चार पोरं तिकडे हिंजवडीला, खराडीला, वाकडला आहेत की नाही? फ्लॅट घेतलाय, हप्ते भरतायत, भिंती पांढऱ्याफटक, आणि दर वेळी जाताना कडक भाकरी आणि चटणीची पिशवी भरून नेतात. त्या माणसाला हिमालय नकोय, बुद्ध तर त्याच्या बिल्डिंगच्या लॉबीतच बसवलेला असतो. त्याला सिद्धेश्वर तलावाचं पाणी आणि मागे मंदिर पाहिजे, भुईकोट किल्ल्याचा बुरूज पाहिजे, मिलची चिमणी पाहिजे. त्याला हजार रुपये म्हणजे एका रविवारचं हॉटेलचं बिल, तो "एवढ्याशा कागदाचे" म्हणणार नाही. इथे राहणाऱ्याला तलाव रोज दिसतो, तो कशाला घेईल? जो लांब गेलाय तोच घेणार.

म्हणून नेटवरचे फोटो बघून काढणं बंदच कर. एक तर तो फोटो दुसऱ्या कुणाचातरी असतो, त्याच्यावरून हुबेहूब चित्र काढून विकणं म्हणजे त्याच्या कॉपीराइटवर हात टाकणं. दुसरं म्हणजे तोच बुद्ध अजून दहा हजार लोकांनी काढलाय, तुझा का घ्यावा? तुझ्या बोळातला लूम मात्र दुसरं कोण काढणार? त्या लूमच्या चित्रात तू खालच्या कोपऱ्यात सुताच्या कांड्यांची क्रेट आणि तिच्यावर टाकलेला कुणाचा तरी टॉवेल काढलायस, ते बघून मला आवाज ऐकू आला. फोटोवरून काढणाऱ्याला तो टॉवेल सुचत नाही, तिथे राहणाऱ्यालाच सुचतो. असं अजून किती आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघतात तेव्हा बाराबंदी अंगरखा घातलेली माणसं, सगळं पांढरं, त्याच्यात तुझे ते दोन-तीन रंग कसे खेळतील विचार कर. मिरवणुकीचा अख्खा जमाव काढू नकोस, ५ बाय ७ मध्ये तो मावत नाही, नुसते मुंग्यांसारखे ठिपके होतात. एक माणूस, पाठमोरा, कमरेचा पट्टा, हातात काठीचा खालचा भाग, बास. हुरड्याच्या दिवसात भट्टीभोवतीचे हात. भाकरीची चळत. चादरीची घडी, मोराची डिझाइन अर्धीच दिसतेय अशी. चादर तर तुझ्याइतकी कुणालाच काढता येणार नाही, तुला माहितीये ना धागा कुठे वर येतो आणि कुठे खाली जातो.

सहाची मालिका कर, एका विषयाची. सहा लूम, किंवा तलावाच्या सहा वेळा. मालिकेचा फायदा असा की दोन घेणारा तिसरं पण घेतो, आणि दवाखान्यांना सेट लागतो. सोलापुरात दवाखाने किती आहेत ते सांगायला नको, वेटिंग रूममध्ये अजून तेच सूर्यफुलाचं पोस्टर आणि औषध कंपनीचं कॅलेंडर. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना सहाचा सेट दाखवून ये. वास्तुशांतीला पण लोक काय देतात? घड्याळ. त्या घरात आधीच चार घड्याळं आलेली असतात आणि चारही वेगळी वेळ दाखवतात. फ्रेमसकट दीड हजारात हाताने काढलेलं चित्र मिळतंय हे लोकांना ठाऊकच नाही, तेवढं ठाऊक करून दे. गड्ड्यात होम मैदानावर स्टॉल घ्यायच्या फंदात मात्र पडू नकोस, तिथे माणूस पाळण्यात बसायला आणि भजी खायला येतो, हजाराचं चित्र तिथे धूळ खाईल. तिथे स्केचबुक घेऊन जा.

कॅफेवाल्याला हो म्हण, पण कागदावर. किती चित्रं दिली, प्रत्येकाचं नाव, भाव, त्याचे किती टक्के, पैसे किती दिवसांत देणार, आणि चहा सांडला किंवा चोरीला गेलं तर कोण भरणार. एका पानाचा मजकूर, दोघांच्या सह्या, मोबाइलमध्ये फोटो. दोन महिन्यांची मुदत घाल, काही गेलं नाही तर उचलून आण. आणि किचनच्या भिंतीला लावू देऊ नकोस, वाफेने कागद फुगतो.

रंगांचं थोडं बोलायचं राहिलं, आणि इथे जरा कडक बोलते. वडिलांचे पोस्टर कलर आता ठेवून दे. पोस्टर कलर डिझाइनसाठी ठीक, तिथे चादर विणून झाली की ग्राफचं काम संपलं, रंग वीस वर्षं टिकतो की नाही कुणाला फिकीर नाही. तू मात्र हजार रुपये घेऊन कुणाच्या तरी भिंतीला देतोयस. आर्टिस्ट दर्जाचे जलरंग घे, किंवा पोस्टरसारखाच भरीव रंग हाताला बसलाय तर आर्टिस्ट गुआश घे. बारा नकोत, पाच ट्यूब पुरे, तुला तर नक्कीच. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा कोड असतो, तो वाचायची सवय लाव. अलिझरिन क्रिमसनवर पीआर ८३ असेल तर तो उजेडात उडतो, ऑपेरा रोज नावाचा गुलाबी तर फारच पटकन उडतो, दिसायला कितीही भारी वाटला तरी. त्याच जातीचा लाल-गुलाबी पीव्ही १९ किंवा पीआर १२२ मध्ये मिळतो, तो टिकतो. खात्री करायची असेल तर आपल्याकडे फुकटची लॅब आहे. कागदाच्या पट्टीवर सगळे रंग ओढ, अर्ध्या पट्टीवर ॲल्युमिनियम फॉइल चिकटव, आणि एप्रिल-मे दोन महिने पश्चिमेच्या खिडकीला लावून ठेव. जूनमध्ये फॉइल काढलंस की कुठला रंग सोलापूरच्या उन्हात पळून गेला ते दिसेल.

फ्रेमवाल्यावर नजर ठेव. चांगले आहेत बिचारे, पण त्यांच्याकडे देवांचे फोटो आणि सर्टिफिकेटं येतात, त्यामुळे हातात आलेला कागद फेविकॉलने मागच्या बोर्डावर सपाट चिकटवायचा हीच सवय. चिकटवलं की ते चित्र परत कधी निघत नाही, आणि वर काठ जरा जास्त दिसला तर कटरने उडवतात पण, तुझ्या सहीसकट. तू स्वतः माउंटला वरच्या काठावर कागदाच्या दोन पट्ट्यांनी टांगून दे आणि सांग, आतलं काही हलवायचं नाही, नुसती फ्रेम घाला. माउंट असला की काच चित्राला टेकत नाही, पावसाळ्यात डाग पडत नाहीत. मागच्या बाजूला पेन्सिलने चित्राचं नाव, वर्ष, तुझं नाव. पुढे सही छोटी.

पुण्याला पाठवताना फ्रेम करून पाठवू नकोस, काच फुटली की चित्र पण जातं. माउंटसकट पारदर्शक पाकिटात, मग दोन्ही बाजूंनी खोक्याचा पुठ्ठा, एकाच्या आतल्या रेघा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकत नाही, कडेने टेप, बाहेरून प्लॅस्टिक. पोस्टात "रजिस्टर करा" म्हणू नकोस, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळून टाकलंय, स्पीड पोस्टने पाठव आणि ट्रॅकिंग नंबर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी दे. पैसे आधी, यूपीआयवर, पार्सल नंतर.

हिशोबाची एक वही ठेव, विकलेलं प्रत्येक चित्र, कुणाला, कितीला, तारीख. एवढ्या विक्रीला जीएसटीची मर्यादा फार लांब आहे, पण राज्याबाहेर विकायला लागलास किंवा एखाद्या मोठ्या साइटवरून विकायचं ठरवलंस तर तिथले नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या कारखान्याच्या सीएला एकदा गाठ.

आणि त्या मॅडम. पाचशे नाही, हे तर आता तुला कळलंच असेल. फोटोवरून करून द्यायचं काम नेहमीच्या दीडपट, म्हणजे १५००, कारण त्यात तुझ्या मनासारखं काही नसतं, खिडक्या तीनच होत्या, दार हिरवं नव्हतं निळं होतं, असं चालतं. अर्धे पैसे आधी. पेन्सिलचं कच्चं एकदा दाखवायचं, बदल त्याच वेळी सांगायचे, रंग लागल्यावर काही नाही.

प्रिंटचं मात्र नीट समजून घे. तू मनाने काढलेलं चित्र विकलंस तरी त्याचा कॉपीराइट तुझ्याकडेच राहतो, तू असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं, घेणाऱ्याला त्याच्या प्रिंट काढून विकता येत नाहीत. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं म्हणतं की कुणी पैसे देऊन खास स्वतःसाठी चित्र करून घेतलं आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा होतो. म्हणजे तू काहीच न बोलता हे काम केलंस तर मॅडम प्रिंट काढून वाटू शकतात, उद्या त्यांच्या भाच्याने त्याची कॅलेंडरं छापली तरी तुला काही बोलता येणार नाही. त्यांच्या मनात काही वाईट नाही, घर पाडलंय, भावकीला आठवण म्हणून द्यायचंय, मला तर हे काम तू करावंस असंच वाटतं. फक्त आधी लिहून घे. व्हॉट्सॲपवर एवढा मेसेज टाक:

"मॅडम, नमस्कार. ५ बाय ७ इंचाचं चित्र, माउंटसकट १५०० रुपये, ७५० आधी. पेन्सिल स्केच आठ दिवसांत दाखवतो, बदल तेव्हाच सांगावेत. चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. घरच्यांना द्यायला प्रिंट पाहिजे असतील तर मीच चांगल्या कागदावर सही करून देतो, एका प्रिंटचे २०० रुपये, किती पाहिजेत ते कळवा. हे मान्य असेल तर 'हो' असं लिहून पाठवा, मग काम सुरू करतो."

भावकी मोठी असेल तर चित्रापेक्षा प्रिंटचेच पैसे जास्त होतील. त्यांच्याकडे त्या घराचे अजून फोटो असतील ते पण मागून घे, विशेषतः दाराचा आणि अंगणाचा, एका फोटोत घराची एकच बाजू येते. आणि "हो" आलं की मगच कागद काप.

– अक्का